वीतभर वायर

सकाळी ८.१०

बुधवार आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मंगळवार पेठेत रस्त्याकडेला प्लॅस्टिकचे कागद अंथरले जातायत. त्यावर पाने, पंख्याच्या मोटारी, नळ, चष्म्याच्या फ्रेमा. मामा इकडेतिकडे न बघता एका जागी जाऊन उभे राहतात. खांद्याला पिशवी. पिशवीत यूपीएसमधली बारा व्होल्टची बॅटरी. लहान दिसते, पण दोन किलोच्या वर भरते. चालताना मामांचा एक खांदा खाली झुकलेला असतो.

मामा नाना पेठेत गाड्यांचं वायरिंग करतात. गल्लीतले सगळेच त्यांना मामा म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

भंगारवाल्यानं परवा व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता. ठोकलेल्या फियाट लिनियातला कंपनीचा रेडिओ. मामांना तो एका गिऱ्हाइकाच्या पुंटोसाठी हवाय. दोन्ही गाड्यांचा डॅशबोर्ड एकाच घराण्यातला. रेडिओ हातात घेऊन मामा आधी हलवून बघतात. आत काही खुळखुळत नाही. आवाजाचं बटण गोल फिरवतात, दोन्हीकडे. मग बॅटरी काढून दोन चिमटे लावतात. पडदा पेटतो आणि कोड मागतो.

"चालूय," भंगारवाला म्हणतो. "तीन हजार."

"कपलर कुठंय?"

कपलर म्हणजे रेडिओच्या पाठीत बसणारा खटका. गाडी तोडताना बहुतेक जण रेडिओ उपसतात आणि कपलर गाडीतच सोडून देतात. भंगारवाला गोणीत हात घालतो. खालून एक गुंता वर येतो. त्यात तो आहे, पण वायरी बोटभरच ठेवून कापलेल्या. मामा मान हलवतात. दुसरा निघतो. याला वीतभर वायर आहे.

रेडिओ अडीच हजार, कपलरचे वेगळे चारशे. मामा रेडिओवर घासाघीस करतात. कपलरवर एक शब्द काढत नाहीत.

सकाळी ९.४५

शटर वर. दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली आणि समोरचा रस्ता. खरं काम रस्त्यावरच चालतं. हाताखालचा मुलगा विशीतला, रोज सहाशेवर. झाडू मारतो, गणपतीच्या फोटोला अगरबत्ती लावतो आणि दोन गाड्या मावतील एवढी जागा स्टूल आणि टायर ठेवून अडवतो. या गल्लीत जागा अडवणं हे पहिलं काम.

एक रिक्षा. हॉर्न वाजत नाही. अर्थची वायर सुटलेली. सात मिनिटं, शंभर रुपये.

सकाळी १०.२०

पुंटो आली. २०१०ची, डिझेल. बाई बँकेत नोकरीला, हडपसरला राहतात. आज अर्धी रजा टाकलीय. गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून नुकतंच नोंदणीचं नूतनीकरण केलंय. नुसती फीच पाच हजार. ग्रीन टॅक्स वेगळा. आता पुढची पाच वर्षं हीच गाडी.

फियाटचा कारखाना रांजणगावात, पुण्याहून पन्नासेक किलोमीटर. पुंटो तिथंच बनायची. २०१९ला फियाटनं इथल्या गाड्या बंद केल्या. इंजिनचं काही अडत नाही, कारण तेच १.३ लीटरचं डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये होतं, टाटाच्या व्हिस्टात होतं. फिल्टर, बेल्ट, इंजेक्टर नाना पेठेत कुठंही मिळतात. रेडिओचं तसं नाही. तो या डॅशबोर्डच्या आकाराचा, दुसऱ्या कशात बसत नाही. त्यामुळे कुणाची तरी गाडी ठोकली जाईपर्यंत थांबावं लागतं.

सध्या गाडीत मोठा टचस्क्रीन आहे. तीन वर्षांपूर्वी बाहेर एका दुकानात बसवलेला. जुना रेडिओ त्या दुकानदारानंच ठेवून घेतला, वर पाचशे रुपये कमी केले.

"आता हा अडकतो मामा. आवाज कमी करायला गेलं की तीन सेकंदांनी ऐकतो. आणि दोन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही. बॅटरी दोनदा बदलली."

"बॅटरी नका बदलू ताई," मामा म्हणतात.

सकाळी १०.४०

बॉनेट उघडतं. दहा नंबरचा पाना, बॅटरीची काळी वायर सुटते. वायर आणि बॅटरीच्या मधे मामा मीटर जोडतात. गाडी लॉक करतात. लगेच आकडा बघायचा नाही. गाडीतली छोटी छोटी डोकी झोपायला वीसेक मिनिटं घेतात. तेवढ्यात चहा. तीन कट, छत्तीस रुपये. ताई पैसे काढतात, मामा आधीच देऊन मोकळे.

अकराला आकडा स्थिर. ०.६२ अँपिअर.

"एवढा कशाला?" मुलगा विचारतो.

मामा बोटांवर मोजतात. तासाला पॉइंट सहा. दिवसाला चौदा-पंधरा. दोन दिवसांत तीस. बॅटरी पंचेचाळीसची. "स्टार्टरला उरलं काय?"

निरोगी गाडी बंद असताना पॉइंट शून्य तीन, फार तर शून्य पाच खाते.

सकाळी ११.१५

टचस्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट पट्टीनं उचकटली जाते. कंपनीची नाही, बाजारातली. एका कोपऱ्यात ती फेव्हिक्विकनं चिकटवलेली आहे. मामा काही बोलत नाहीत, फक्त मुलाकडे बघतात. मुलगा हसतो.

चार स्क्रू. स्क्रीन पुढं येतो आणि त्याच्यामागून वायरींचा पसारा.

मी वाकून बघतो. कंपनीचा कपलर नाहीच. कापून टाकलाय. गाडीतून येणाऱ्या वायरी नुसत्या सोलून, पीळ घालून स्क्रीनच्या वायरींना गुंडाळल्यात. वर काळी टेप. तीन उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळलाय. बोटाला काळं, चिकट लागतं. दोन ठिकाणी टेप सरकून तांबं उघडं पडलंय. स्क्रीनची पिवळी आणि लाल एकत्र पिळून एकाच वायरीला जोडलेली.

मामांना हवं होतं ते सापडलं. बाजारातल्या कुठल्याही स्टिरिओची पिवळी वायर कायम करंटची, लाल किल्लीवरची. लालमधला करंट गेला की स्टिरिओला कळतं, किल्ली काढली. पण पुंटोत रेडिओच्या कपलरपर्यंत किल्लीवरची लाईन येतच नाही. किल्ली फिरल्याची खबर कंपनीच्या रेडिओला कॅनच्या, म्हणजे गाडीतली छोटी डोकी ज्यांवरून एकमेकांशी बोलतात त्या, दोन बारीक वायरींवरून मिळते. बाहेरचा स्क्रीन ती भाषा जाणत नाही. त्याच्यासाठी लायटरच्या मागून वेगळी वायर ओढावी लागते. वीस मिनिटांचं काम. त्या माणसानं ते वाचवलं. दोन्ही वायरी एकत्र पिळल्या आणि गाडी दिली. तीन वर्षं हा स्क्रीन कधी पूर्ण बंद झालाच नाही. रात्रभर पार्किंगमध्ये काळा पडदा लावून जागा.

कॅनच्या दोन वायरी टेपमध्ये गुंडाळून कोपऱ्यात खोचल्यात. "या एकमेकींना लागल्या असत्या तर मीटरवर सगळे दिवे लागले असते," मामा म्हणतात. "नशीब म्हणा."

माझं मत विचाराल तर नशिबाचा संबंध नाही. घाई आहे. एका दिवसात सहा गाड्या बसवायच्या असतील तर कपलर सोडवत बसायला कुणाला वेळ आहे? कटर एका सेकंदात चालतो.

दुपारी १२.३०

रेडिओ घेऊन मुलगा दोन गल्ल्या पलीकडे जातो. तिथं एकजण लॅपटॉप घेऊन बसतो. किल्ल्या बनवतो, मीटर दुरुस्त करतो, रेडिओचे कोड काढतो. वरचं झाकण खोलून आठ पायांच्या मेमरीवर चिमटा लावतो. पडद्यावर आकड्यांच्या रांगा. त्यातून चार आकडे कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देतो. पाचशे रुपये. रेडिओ चोरीचा नाही ना, असं तो विचारतो. मुलगा भंगारवाल्याची पावती दाखवतो. पावती म्हणजे वहीचं पान, पण त्यावर गाडीचा नंबर आहे.

इकडे मामा बॅटरीची वायर पुन्हा सोडवून ठेवतात. मग डबा. भाकरी, मेथी, ठेचा. ताई समोरच्या हॉटेलात इडली खाऊन येतात आणि मोबाइलवर बँकेचं काम करत पायरीवर बसतात.

दुपारी १.३०

आता खरं काम. मामा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर आडवे. पाय रस्त्यावर, डोकं डॅशबोर्डखाली. कपाळावर टॉर्च.

आधी जुनी सगळी टेप सोलायची. स्पिरिटच्या बोळ्यानं वायरी पुसायच्या. काळं पडलेलं तांबं कापून टाकायचं, ताजं तांबं दिसेपर्यंत. गाडीकडची वायर इथंच आखूड होते. सकाळी चारशे रुपये का मोजले ते आता कळतं. बोटभर वायरीचा कपलर घेतला असता तर सांधा रेडिओच्या पाठीवरच आला असता. तिथं हात जात नाही.

बारा वायरी. करंट, अर्थ, कॅनच्या दोन, स्पीकरच्या आठ.

स्पीकर ओळखायला मामा पेन्सिल सेल वापरतात. वायरींच्या एका जोडीला सेल टेकवला की कुठल्या तरी दारात टक् असा आवाज येतो. मुलगा जाळीवर बोट ठेवून सांगतो. "मागं, डावीकडं." स्पीकरचा कागद बाहेर आला की सेलचं टोक बरोबर, आत गेला की उलटं. पुढचा उजवा स्पीकर उलटा जोडलेला निघतो. दोन स्पीकर एकमेकांच्या उलट चालले की ढोलाचा आवाज मरतो. ताईंना वाटत होतं, स्पीकर खराब झालेत. नवे घ्यायच्या विचारात होत्या. चार हजार वाचले.

मग एकेक सांधा. आधी स्लीव्ह सरकवून ठेवायची, नाहीतर डाग दिल्यावर ती घालता येत नाही. मुलाच्या हातून दोनदा तसं होतं. पीळ, पेस्ट, सोल्डरची तार, डाग. धूर थेट मामांच्या तोंडावर. डोळे बारीक करून ते श्वास रोखतात. डाग चकचकीत आला तर ठीक, मळकट आला की पुन्हा. स्लीव्ह सरकवून लायटरनं आवळायची. सांधे एकाखाली एक घ्यायचे नाहीत, मागेपुढे घ्यायचे, म्हणजे गठ्ठा होत नाही. कॅनच्या दोन वायरींना शेवटी पुन्हा तसाच पीळ.

मधे एक स्विफ्टवाला येतो. ब्रेकलाइटचा बल्ब. मामा आतूनच भाव सांगतात, मुलगा बदलतो. ऐंशी रुपये. एक टेम्पोवाला उधारीवर फ्यूज नेतो.

दुपारी ३.५०

बाराही झाल्या. वायरींना कापडी टेप, दोन टाय. मामा बाहेर येतात आणि अर्धा मिनिट बॉनेटवर हात टेकून उभे राहतात. कंबर धरलीय. पन्नाशीनंतर डॅशबोर्डखालची कामं नको वाटतात, पण पैसे तीच देतात.

कपलर रेडिओच्या पाठीत. खटक्याची दांडी फिरवली की तो स्वतःच आत ओढला जातो. अँटेनाची पिन. बॅटरी जोडली. किल्ली.

रेडिओ पेटतो. क्षणभर गाडीशी ओळख पडताळतो. गाडी नवी आहे हे त्याला कळतं. कोड मागतो.

मुलगा चिटोरा धरतो. मामा चार आकडे दाबतात. चूक. रेडिओ थांबायला सांगतो, एक मिनिट. पुन्हा. पुन्हा चूक. आता तीन मिनिटं. दर चुकीला वेळ वाढतो: एक, तीन, सात, पंधरा, एकतीस मिनिटं, असं करत चोवीस तासांपर्यंत. मामा आता बटणाला हात लावत नाहीत. लॅपटॉपवाल्याला फोन.

"तिसरा आकडा सात की एक?"

"एक. मी एकच लिहिलाय."

"मुंडी काढलीयस त्याला."

तीन मिनिटं संपतात. एक दाबला जातो. रेडिओ उघडतो.

दुपारी ४.१५

१०१वर विविध भारती लागते. खरखर नाही. ताई स्टिअरिंगवरचं बटण दाबतात. आवाज वाढतो. तीन वर्षं ती बटणं नुसती शोभेला होती. त्या पुन्हा दाबतात, कमी करतात, वाढवतात. फोनचा नकाशा यात दिसणार नाही हे मामा आठवण करून देतात. "फोन काचेजवळ लावीन," ताई म्हणतात.

रेडिओ जागेवर दाबला जातो. दोन्ही बाजूंनी टक्, टक्. फट नाही, फेव्हिक्विक नाही.

पुन्हा मीटर. पुन्हा लॉक. पुन्हा वीस मिनिटं. ताई घड्याळ बघतात, पण मामा गाडी सोडत नाहीत.

०.०३.

संध्याकाळी ५.००

हिशोब पुठ्ठ्यावर. रेडिओ अडीच हजार, कपलर चारशे, कोड पाचशे, सोल्डर-स्लीव्ह-टेप दीडशे, मजुरी पंधराशे. पाच हजार पन्नास. वरचे पन्नास मामा स्वतःच खोडतात.

"मजुरी जरा जास्त नाही का?" ताई विचारतात. "तो स्क्रीन त्यांनी फुकट बसवून दिला होता."

मामा उत्तर देत नाहीत. सकाळपासून सोललेल्या टेपचा काळा गोळा मुलानं टायरवर ठेवलाय. मामा तो उचलून ताईंच्या पुढ्यात ठेवतात.

ताई बघतात, मग मोबाइल काढतात. चार हजार आठशे येतात.

"दोनशे उद्या. परवा सुट्टी आहे, शनिवार-रविवार गाडी हलणार नाही. सोमवारी सकाळी स्टार्ट झाली की पाठवते."

"उद्या म्हणालात."

"सोमवारी."

"सोमवारी तर सोमवारी," मामा म्हणतात. "पण स्टार्ट झाली तरी फोन करा. नाही झाली तरच लोक करतात."