संगणक सारखा बंद पडतो? आधी हिशोब वाचवा, मग दोष शोधा



गटाचे हिशोब ठेवायला आता गावोगावी संगणक आला आहे. बहुतेक वेळा तो नवा नसतो. ठाण्याला किंवा डोंबिवलीला नोकरी करणाऱ्या भावाने नवा लॅपटॉप घेतला, की जुना डबा मुरबाड-शहापूरकडे येतो. काही महिने बरा चालतो. मग काम करता करता बंद पडतो, निळा पडदा दाखवतो, नाहीतर 'अपडेट झाले नाही' असे रोज सांगतो. मुरबाडहून तो डबा एसटीत घालून कल्याणला न्यायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, वर दुरुस्तीचे पैसे. म्हणून निघण्याआधी घरी काय पाहता येते, ते आज आम्ही सांगणार आहोत.

पहिले काम दुरुस्तीचे नाही. आपल्या पंचसूत्रीत दप्तर अद्ययावत ठेवणे हे एक सूत्र आहे. संगणक दुसरा मिळेल, पण कोणी किती कर्ज घेतले आणि किती फेडले ही नोंद दुकानात मिळत नाही. ती गेली तर बँकेपुढे अडचण होते आणि गटात एकमेकींवर संशय येतो. म्हणून संगणक थोडा वेळ जरी चालू होत असेल, तरी आधी हिशोबाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवा. आणि कागदी वही कधीच बंद करू नका.

आता दोष शोधू. संगणक कसा बंद पडतो, यावरून पुष्कळ कळते.

काही न सांगता पटकन बंद झाला, तर उष्णता किंवा वीज बघा. अर्ध्या तासाने, दुपारच्या वेळी बंद पडत असेल तर आत धूळ साचून पंखा अडकला असेल. प्लग काढा, झाकण उघडा, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झाडा. विजेचा दाब कमी-जास्त होताना बंद पडत असेल तर प्लग सैल आहे का ते पाहा. विजेची पेटी, म्हणजे पॉवर सप्लाय, मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात झटका बसण्याइतकी वीज राहते.

निळा पडदा आला, तर त्यावरच्या कोडचा मोबाईलने फोटो काढा. पुढे दुरुस्तीवाल्याला त्यावरून दिशा मिळते. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे रॅमची पट्टी सैल होणे किंवा खराब होणे. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. ही तपासणी फुकट आहे.

संगणक फार हळू झाला, अडकला, आतून टकटक आवाज येऊ लागला, तर हार्ड डिस्क जायच्या बेतात असू शकते. अशा वेळी प्रयोग करू नका, फाइली लगेच उतरवा.

अपडेट होत नसेल तर चार गोष्टी क्रमाने बघा. एक, जागा. सी ड्राइव्हवर निदान वीस जीबी मोकळी हवी. लग्नाचे व्हिडिओ दुसरीकडे हलवा. दोन, तारीख. घड्याळ चुकले असेल तर संगणकाला सुरक्षित जोडणी करता येत नाही. दर वेळी तारीख मागे जात असेल तर आतला नाण्यासारखा छोटा सेल संपला आहे. तो स्वस्तात मिळतो. तीन, इंटरनेट. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर 'मीटर्ड कनेक्शन' चालू असेल तर अपडेट अडून राहते. चार, वीज. अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोज अर्धवट राहून आणखी बिघडू शकते. वीज टिकेल अशी वेळ निवडा.

काही जणी म्हणतात, अपडेटनेच संगणक बिघडतो, मग करायचे कशाला? असे घडतेही. 19 जुलै 2024 रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख संगणक निळे पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. पण उलट बाजूही ऐका. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' हा व्हायरस पसरला. तो फाइली कुलूपबंद करून पैसे मागत होता. त्यावरचा उपाय मार्च महिन्यातच अपडेटमधून आला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, त्यांचे संगणक सापडले. म्हणून अपडेट टाळू नका, फक्त आधी फाइलींची प्रत काढा.

आणखी एक गोष्ट. विंडोज 10 ची नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली. त्यामुळे जुन्या डब्याला अपडेट येत नसेल तर तो बिघाड असेलच असे नाही. विंडोज 11 ला चार जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. बऱ्याच जुन्या संगणकांत ती नसते. कोणी 'आजच नवा घ्या' म्हणाले तर आधी हे विचारून घ्या. तोवर अशा डब्यावर हिशोब लिहा, पण बँकेचे व्यवहार करू नका.

एवढे करूनही जमले नाही, तर दुकानात जा. कधी बंद पडतो, काय करताना, कोड कोणता, हे चिठ्ठीवर लिहून न्या. आधार कार्ड आणि पासबुकाच्या प्रती पेनड्राइव्हवर घेऊन संगणकातून काढून टाका. खर्चाचा अंदाज आधी विचारा आणि बदललेला जुना भाग परत मागा. तुम्ही न बोलावता कोणी फोन करून 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' म्हणाले, तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळवा.

पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा: हिशोबाची प्रत कोणाच्या घरी ठेवायची? एक पेनड्राइव्ह अध्यक्षांकडे, दुसरा सचिवांकडे. दर बैठकीनंतर दोन्ही भरून घ्या. मग डबा बंद पडला, तरी गट बंद पडणार नाही.