मासिकाचा नंबर मोठा, म्हणून औषध खरे?

जोगेश्वरी पूर्वेला माझा दवाखाना आहे. मधुमेहाचे एक जुने पेशंट, रिक्षा चालवतात, बऱ्याच दिवसांनी दाखवायला आले. उपाशीपोटीची साखर निघाली 310. सहा महिन्यांपूर्वी ती चांगली आटोक्यात होती. विचारले, तर म्हणाले, "डॉक्टर, गोळ्या बंद केल्यात. आता ही पावडर घेतो." डबा त्यांनी सोबतच आणला होता. त्यावर एका 'आंतरराष्ट्रीय' वैद्यकीय नियतकालिकाचे नाव छापलेले आणि त्याखाली 'इम्पॅक्ट फॅक्टर 6.2'. हा आकडा कशाचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण इंग्रजीत आकडा छापला आहे, त्याअर्थी कोणीतरी मोठ्या माणसाने तपासले असणार, अशी त्यांची समजूत.

त्याच आठवड्यात ओळखीच्या घरातली एक मुलगी आली. ती एम.डी. करते आहे. क्षयाच्या रुग्णांची औषधे मधेच का सुटतात, यावर तिने वर्षभर घरोघरी फिरून माहिती गोळा केली आहे. तिला एक ई-मेल आला होता. "मान्यवर प्राध्यापक महोदया" अशी सुरुवात (पोरगी अजून विद्यार्थिनी आहे!), पाच दिवसांत शोधनिबंध छापून देण्याची हमी, बारा हजार रुपये फी, आणि इथेही इम्पॅक्ट फॅक्टरचा मोठा आकडा. तिने विचारले, "काका, देऊ का इथे?"

पावडरचा डबा आणि हा ई-मेल यांचे मूळ एकच, म्हणून हा आकडा म्हणजे काय ते आज पाहू.

संशोधन झाले की ते वैद्यकीय नियतकालिकाकडे पाठवतात. चांगल्या ठिकाणी संपादक तो लेख त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे देतात. ते चुका काढतात, शंका विचारतात, पुष्कळदा लेख नाकारतात. याला काही आठवडे, कधी महिने लागतात. अशी हजारो नियतकालिके जगात आहेत. त्यांत ग्रंथालयाने कोणती घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी, म्हणून अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांच्या संस्थेने इम्पॅक्ट फॅक्टर हे माप प्रचारात आणले. दरवर्षी त्याची यादी निघू लागली ती 1975 पासून. आज ती क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते.

हिशेब शाळेतल्या सरासरीचा आहे. समजा, एका नियतकालिकाने 2022 आणि 2023 या दोन वर्षांत मिळून 200 लेख छापले. 2024 मध्ये जगभरच्या संशोधकांनी आपल्या लेखांत त्यांचा 500 वेळा उल्लेख केला. 500 भागिले 200, म्हणजे 2024 चा इम्पॅक्ट फॅक्टर अडीच. बस्स, एवढेच! विषयवार याद्या लावून त्यांचे चार गट पाडतात. पहिल्या गटातले नियतकालिक वरच्या पंचवीस टक्क्यांतले.

ही सरासरी आहे हे मात्र विसरू नये. वर्गाची सरासरी सत्तर टक्के आहे म्हणून आपला बाळ्या पास झाला असे कोणी म्हणत नाही. मोठ्या नियतकालिकातही थोड्या लेखांचा भरपूर उल्लेख होतो आणि बाकीचे त्यांच्या जिवावर मिरवतात. शिवाय आकडा विषयावर अवलंबून असतो. कर्करोगावर जगभर असंख्य माणसे लिहितात, तेव्हा तिथे उल्लेखही भरपूर. विंचूदंशावर लिहिणारे किती? लंडनच्या 'द लॅन्सेट'चा इम्पॅक्ट फॅक्टर 2020 मध्ये 79 च्या आसपास होता, तो 2021 मध्ये एकदम 202 च्या वर गेला. एका वर्षात संपादकांची बुद्धी अडीचपट झाली नव्हती. करोनावरचे लेख छापले होते आणि सारे जग त्यांचा हवाला देत होते, इतकेच.

याच लॅन्सेटने फेब्रुवारी 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख छापला. अवघ्या बारा मुलांवरचा. त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीमुळे ऑटिझम होतो अशी भीती पसरली आणि अनेक आईबापांनी लस टाळली. लेख मागे घ्यायला फेब्रुवारी 2010 उजाडले. मे 2020 मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर छापलेला लेख तर दोन आठवड्यांत मागे घ्यावा लागला, कारण त्यामागची रुग्णांची आकडेवारी बाहेरच्या तज्ज्ञांना तपासूच दिली गेली नाही. पहिल्या नंबराच्या घरातही खोटे नाणे शिरते.

मग नंबराला अर्थच नाही का? आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे उदाहरण घ्या. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, त्यांच्यासमोर दगावत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. नुसते दुखण्याने मृत्यू येत नाही. विषामुळे शरीरातील रसायने उसळतात, रक्तदाब भडकतो, मग हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. हृदयावर संकट येते आहे हे आधी कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, हा त्यांचा लेख 1982 मध्ये लॅन्सेटने छापला. पुढे रक्तदाबाची प्रॅझोसिन ही साधी, स्वस्त गोळी यावर चालते, हे डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 1986 मध्ये तिथेच मांडले. कोकणातल्या खेड्यातले निरीक्षण जगभरच्या डॉक्टरांपुढे गेले ते त्या व्यासपीठामुळे. पण आपल्याकडचे किती डॉक्टर लॅन्सेट उघडतात? मी स्वतः क्वचितच. त्यांनी भारतीय फिजिशियन्सच्या असोसिएशनच्या नियतकालिकातही लिहिले. ते इथल्या डॉक्टरांच्या टेबलावर असते.

गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचेही तसेच. गावातल्याच बाईला शिकवून घरी जन्मलेल्या बाळांची काळजी घेतली, तर नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी होतात, हे त्यांनी 1999 मध्ये लॅन्सेटमध्ये दाखवले. पण महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारच्या आणि जनतेच्या डोळ्यांपुढे आणायचे होते, तेव्हा 2001 मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल त्यांनी मराठीत काढला. आधी ठरवायचे, हे कोणी वाचायला हवे? नियतकालिक त्यानंतर.

आता त्या ई-मेलकडे वळू. आपल्याकडे नोकरीला, बढतीला, पीएच.डी.ला शोधनिबंध मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतही ती शिरली. विद्यापीठांच्या शिफारशीने त्या यादीत आलेली 1009 नियतकालिके पुण्याचे भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी तपासली. त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरल्याचे त्यांनी 2018 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापले. त्याच वर्षी आयोगाने चार हजारांवर नावे यादीतून काढली आणि पुढे नवी यादी आणली. 2025 मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी विद्यापीठांवर आणि संशोधकांवर टाकली. अमेरिकेतील न्यायालयाने 2019 मध्ये हैदराबादच्या एका प्रकाशन समूहाला फसवणुकीबद्दल पाच कोटी डॉलर भरण्याचा आदेश दिला होता, यावरून धंद्याचा आवाका कळतो.

फी घेतात म्हणून नियतकालिक खोटे, असे नाही. लेख सर्वांना फुकट वाचता यावा म्हणून नामांकित प्रकाशकही लेखकाकडून मोठी रक्कम घेतात. लेख वाचण्याआधीच छापण्याची हमी मिळाली, की मात्र सावध व्हावे. पाच दिवसांत कोणता जाणकार वर्षभराचे काम तपासणार? छापलेला इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेटच्या यादीत खरोखर आहे का, हे कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारावे. त्या नावासारखे दिसणारे बनावट आकडे विकणारेही आहेत. 'पबमेड' ही अमेरिकन सरकारी ग्रंथालयाची सूची कोणालाही मोफत पाहता येते. तिथे नाव असले म्हणजे गंगेत घोडे न्हाले असे नव्हे, पण नसले तर आणखी चौकशी करावी. आणि त्यात पूर्वी छापलेले चार लेख वाचावेत. हे सर्वांत सोपे, आणि हेच कोणी करत नाही.

पावडरच्या डब्यावरचे नाव आम्ही दोघांनी मिळून शोधले. क्लॅरिव्हेटच्या यादीत ते नव्हते, पबमेडमध्येही नव्हते. त्या नियतकालिकाच्या एकाच अंकात पावडरचा लेख, सिमेंटवरचा एक आणि बँकांच्या कर्जावरचा एक! रिक्षावाल्यांना आकड्यांचे गणित सांगितले नाही. त्या अंकाची अनुक्रमणिका वाचून दाखवली. ते हसले. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, परवाची साखर 162 होती.

मुलीने बारा हजार वाचवले. लेख तिने दिल्लीहून निघणाऱ्या क्षयरोगाच्या नियतकालिकाकडे पाठवला. आपल्या देशात क्षयाचे काम करणारे ते वाचतात. अडीच महिन्यांनी उत्तर आले, तीन पाने शंकांचे. औषध सोडलेल्यांपैकी किती जण गावी गेले होते, ते वेगळे का मोजले नाही, असे एकाने विचारले आहे. ती पुन्हा त्या चाळी चढते आहे.