कपाटातील शस्त्र आणि श्रावकाची मर्यादा

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील मस्साजोग हे गाव एरवी फारसे कोणाच्या बोलण्यात येत नसे. ९ डिसेंबर २०२४ रोजी या गावचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण झाले आणि अमानुष मारहाण करून त्यांचा जीव घेण्यात आला. त्या दिवसापासून हे नाव महाराष्ट्रभर गेले. एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटी रुपयांच्या खंडणीच्या आड ते आले, म्हणून त्यांची हत्या झाली, असे तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटले आहे. न्यायालयाचा निर्णय यथावकाश होईल. येथे विचार करायचा आहे तो या घटनेच्या पाठोपाठ उघड झालेल्या एका आकड्याचा.

सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी हा आकडा लोकांसमोर ठेवला. एकट्या बीड जिल्ह्यात १,२२२ शस्त्र परवाने, तर शेजारच्या परभणीत अवघे ३२, असे त्यांनी सांगितले. दोन्ही जिल्हे मराठवाड्याचे. माती तीच, दुष्काळ तोच, कापूस-सोयाबीनचा बाजारही तोच. परभणीचा व्यापारी बत्तीस परवान्यांत सुखाने झोपतो आणि बीडच्या माणसाला मात्र हजारावर बंदुका लागतात, याचे उत्तर भूगोलात सापडत नाही.

सरपंचांची हत्या बंदुकीने झालेली नव्हती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही चर्चा बंदुकीवर आली, कारण त्याच दिवसांत कमरेला पिस्तूल लावून काढलेली छायाचित्रे आणि हवेत गोळ्या झाडतानाच्या चित्रफिती घरोघरी भ्रमणध्वनीवर फिरू लागल्या. त्याआधी जून २०२४ मध्ये परळीत गोळीबारात एका सरपंचाचा मृत्यू झाला होता. डिसेंबरच्या अखेरीस मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शस्त्रांसह छायाचित्रे मिरविणाऱ्यांच्या परवान्यांची फेरतपासणी करण्यास सांगितले. नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांच्या काळात ही तपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. ज्यांच्यावर गुन्हे नोंदलेले होते, अशांकडेही परवाने होते ही गोष्ट तेव्हा उघड झाली. हे परवाने मुळात दिले कसे गेले, हा प्रश्न मात्र रद्द झालेल्या परवान्यांच्या आकड्याखाली झाकला गेला.

या सर्व प्रकरणात व्यापारी कुटुंबांचे मन दोन्हीकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. परळी, माजलगाव, गेवराई, अंबाजोगाई किंवा कडा येथील मोंढ्यात आडत चालविणारा, जिनिंगचा कारखाना असणारा, सराफी पेढी सांभाळणारा माणूस हंगामात रोख रक्कम घेऊन फिरतो. दुकान वाढवून, दिवसभराची उलाढाल पिशवीत घालून रात्री घरी निघालेल्या माणसाची भीती खरी असते, तिला भित्रेपणा म्हणता येत नाही. खंडणीचा निरोप आला की घरातील वडीलधारे गप्प होतात आणि तरुण मुलगा म्हणतो, ‘आपणही परवाना काढू.’ सराफ व्यापाऱ्यांकडून शस्त्र परवान्याची मागणी अधूनमधून होत असते ती याच भीतीपोटी.

कायदा या भीतीकडे कसा पाहतो? अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनेने दिलेला हक्क आहे. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने तो दिला आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क असल्याचे ठरविले. तेथील सारा वाद हक्क किती आकुंचित करता येईल याचा आहे. भारतात उलट स्थिती आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी देश निःशस्त्र करण्यास आरंभ केला आणि १८७८ च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला. याचा सल राष्ट्रीय चळवळीच्या मनात इतका खोल होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश केला. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत त्याच धर्तीची दुरुस्ती सुचविली, तेव्हा मात्र डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. ज्या वर्षी बीड जिल्हा रझाकारांच्या दहशतीतून नुकताच मोकळा झाला होता, त्याच वर्षाची ही गोष्ट. नव्या राज्याने शस्त्राचा अधिकार आपल्या हाती ठेवला आणि नागरिकाला रक्षणाचे वचन दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, अमेरिकेप्रमाणे येथे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क नाही.

म्हणजे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना ही शासनाने दिलेली सवलत आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, पोलिसांचा अहवाल येतो, अर्जदाराचे पूर्वचरित्र आणि गरज पाहिली जाते. नकार मिळाल्यास अपिलाची सोय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत इतरांचा जीव धोक्यात येईल असा हवेत गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बीडमध्ये कायदा कमी पडला नव्हता. पोलिसांचा अहवाल लिहिणारा हात आणि त्या अहवालावर सही करणारा हात यांच्यावर कोणाचे वजन पडले, हा खरा विषय होता.

परवान्याचे समर्थन करणारे म्हणतात की, गुंडाजवळ गावठी कट्टा असतोच. परवाना नाकारून शासन केवळ सज्जनाला निःशस्त्र करते. या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पोलीस ठाणे वीस मैलांवर आणि ठाणेदार कोणाच्या तरी मर्जीतला, अशा ठिकाणी राज्याने दिलेले रक्षणाचे वचन कागदावरच राहते. स्वसंरक्षणाचा अधिकारही कायद्याने मान्य केलेला आहे. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे त्यासंबंधीच आहेत, आणि जबरी चोरी किंवा रात्रीची घरफोडी अशा प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणार्थ केलेली कृती हल्लेखोराच्या मृत्यूपर्यंतही क्षम्य ठरू शकते.

पण बीडचाच अनुभव या युक्तिवादाच्या उलट जातो. बाराशेहून अधिक परवाने असलेल्या जिल्ह्यात खंडणी थांबली नाही. पिस्तूल ज्याच्याजवळ गेले तो बहुधा आधीच बलवान होता आणि पिस्तुलाने तो अधिक निर्भय झाला. वाटसरू लुटला जातो तो अचानक; कमरेचे शस्त्र काढण्याइतका अवधी लुटारू देत नाही, आणि शस्त्र दिसले की तोच प्रथम गोळी झाडतो. पेढीवर ठेवलेले पिस्तूल तर चोरासाठी आणखी एक मौल्यवान वस्तू असते. घरात त्याहून मोठा धोका असतो. नैराश्याने ग्रासलेला मुलगा, कर्जाने खचलेला भाऊ किंवा कुतूहलाने कपाट उघडणारे नातवंड यांच्या हाती ते पडले, तर दुसरी संधी मिळत नाही. २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीने महिलांसाठी ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. त्या किमतीत पेढीला चांगली तिजोरी, कॅमेरे आणि गजराची यंत्रणा सहज बसली असती.

जैन गृहस्थापुढे या व्यावहारिक हिशेबाशिवाय आणखी एक प्रश्न असतो. आचार्यांनी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावक संकल्पी हिंसेचा पूर्ण त्याग करतो. आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसा मात्र गृहस्थाला सर्वस्वी निषिद्ध मानलेली नाही. त्यामुळे ‘जैन माणसाने परवाना घेऊच नये’ असा सरसकट निवाडा शास्त्राच्या आधारे देता येत नाही, आणि ‘आत्मरक्षण हा धर्मच आहे’ असे म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही. भगवतीसूत्रातील वरुण नावाच्या श्रावक योद्ध्याची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तो रणात उतरला तो अशा व्रताने की, जो प्रथम प्रहार करील त्याच्यावरच आपण प्रहार करू. शस्त्र हाती असूनही मर्यादा त्याच्या मनाने घातलेली होती.

अनर्थदंडविरमण व्रतात ‘हिंसादान’ हा दोष सांगितला आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, असा त्याचा अर्थ. ‘जरा दाखवू द्या’ म्हणून परवान्याचे पिस्तूल मित्राच्या हाती देणे, लग्नात पुतण्याला एक गोळी झाडू देणे, चालकाजवळ ते ठेवून निर्धास्त होणे या नित्याच्या गोष्टी या व्रताच्या कक्षेत येतात. यातील बहुतेक गोष्टी कायद्यानेही गुन्हाच आहेत. येथे अधिनियम आणि श्रावकाचार एकाच रेषेवर येतात हे विशेष. छायाचित्रासाठी कमरेला पिस्तूल लावणाऱ्याचे प्रयोजन तर रक्षणाचेही नसते. ते केवळ मानकषायाचे असते.

जुन्या व्यापारी घराण्यांशी निगडित असा एक प्रश्न अनेकदा दुर्लक्षिला जातो. आजोबांच्या काळी घेतलेली दुनळी बंदूक वाड्यातील कपाटात वा माळ्यावर असते. आजोबा वारले, परवान्याची मुदत संपली, आणि शस्त्र तसेच राहिले. मुदत संपलेल्या परवान्याचे शस्त्र घरात असणे म्हणजे विनापरवाना शस्त्र बाळगणे, मग ते वर्षानुवर्षे कोणी हातातही घेतलेले नसो. परवानाधारक दिवंगत झाल्यावर वारसाला स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतही हस्तांतरासाठी अर्ज करण्याची तरतूद २०१६ च्या नियमांत आहे. शस्त्र नको असेल तर ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसरे शस्त्र वर्षभरात जमा करण्याचे बंधन होते, तेही काही घरांत राहून गेलेले असू शकते. बीडमधील तपासणीनंतर अशा कपाटांकडे लक्ष जाणे अपरिहार्य आहे. पोलीस दारात येण्याआधी घरातील कर्त्या माणसाने जुना परवाना शोधून त्यावरील मुदतीची तारीख पाहून घ्यावी.