मंजूर झालेलं पात्र

'सखाराम बाइंडर'ची गोष्ट सांगताना लोक बंदीपासून सुरुवात करतात. त्याआधीची गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईत 10 मार्च 1972 रोजी झाला आणि एकूण तेरा प्रयोग रंगले. महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाच्या परवानगीशिवाय जाहीर प्रयोग करता येत नव्हता. म्हणजे नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना आपल्या अटींवर घरात ठेवणारा हा छापखान्यातला बाइंडर मंडळाच्या टेबलावरून रीतसर पुढे सरकलेला होता. मग मंडळाला आपलीच चूक झाल्याचं वाटू लागलं. बत्तीस ठिकाणी कात्री लावा, असं सांगण्यात आलं, प्रयोग थांबले, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले.

पात्राला आधी हो म्हणायचं, ते लोकांसमोर उभं राहिलं की दचकायचं, हा प्रकार आज घराघरांतल्या मोबाइलवर रोज घडतो. तिथे फक्त कोर्ट नसतं.

घरातला मुलगा किंवा मुलगी रात्री कानाला हेडफोन लावून ज्या खेळात गढलेली असते, त्यात बऱ्याचदा 'रोलप्ले' चालू असतो. एक काल्पनिक जग असतं, त्याचे नियम असतात, आणि आत शिरायचं तर आधी आपलं पात्र लिहून द्यावं लागतं: नाव, वय, पूर्वायुष्य, अंगात काय शक्ती आहेत, काय उणं आहे. मॉडरेटर हा अर्ज वाचतो आणि मंजूर करतो, नाहीतर दुरुस्तीला परत पाठवतो. मॉडरेटर म्हणजे पगारी अधिकारी नव्हे. अभ्यास किंवा नोकरी सांभाळून हौसेनं हे काम करणारा खेळाडूच. या खेळाचं मूळ अमेरिकेत 1974 साली निघालेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आहे. तिथे सगळे एका टेबलाभोवती बसत, त्यामुळे कुणाचं पात्र डोईजड व्हायला लागलं की खेळ चालवणारा समोरासमोर सांगू शकत असे. 1978 मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी संगणकावरचा 'मड' हा खेळ उभा केला आणि टेबल गेलं. आता खेळणारे एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. म्हणून अर्ज आला, आणि अर्जाबरोबर तो तपासणारा आला.

तपासणाऱ्याची चूक होते कशी? बाइंडरचंच उदाहरण घ्या. मंडळानं कागद वाचला होता. प्रेक्षकांपुढे आले ते निळू फुले आणि लालन सारंग. संहितेत जे वाक्य एका ओळीत संपतं, ते निळूभाऊंच्या तोंडून बाहेर पडताना काय होईल, हे टेबलाशी बसून कळायची सोयच नाही. आमच्या कारवार जिल्ह्यातल्या सुप्याकडच्या जत्रांतली नाटकं पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तालीम मास्तर वाचनाच्या वेळी भूमिका वाटतो, आणि तालमीच्या चौथ्या रात्री कळतं की खलनायक सगळं नाटक खाऊन टाकणार आहे. ऑनलाइन अर्जाचंही तसंच आहे. 'तो सावलीतून चालू शकतो' हे अर्जात छान दिसतं. खेळात मात्र असं पात्र कुठल्याही बंद खोलीत शिरतं, कुणाचंही गुपित ऐकतं, आणि बाकीच्यांनी रचलेली कटकारस्थानं फुकट जातात. कधी मॉडरेटरनं घाईत वाचलेलं असतं, कधी अर्ज मित्राचा असतो, कधी नियमच संदिग्ध असतो. कारण काहीही असो, शिक्का त्याचा असतो.

आणि चूक लक्षात येईपर्यंत पात्राचे पाय त्या जगात रोवलेले असतात. कुणी त्याच्याशी मैत्री केलेली असते, कुणाच्या पात्राचा त्याच्यामुळे जीव वाचलेला असतो. ते एक पात्र उपटलं की आजूबाजूच्या दहा जणांची कथा उसवते.

आपल्या रंगभूमीनं या प्रसंगावरचे जवळपास सगळे उपाय करून पाहिले आहेत, आणि त्यातले बरेचसे वाईट होते.

सर्वांत जुना उपाय म्हणजे मुळासकट उपटणं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' 1907 मध्ये रंगभूमीवर आलं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, युधिष्ठिर नेमस्त आणि भीम जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होतं. सरकारला ते महाभारतातलं आख्यान वाटलं म्हणा किंवा कळूनही वळलं नाही म्हणा, नाटक तीन वर्षं चाललं. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनचा अनंत कान्हेरे यांनी वध केला, आणि जानेवारी 1910 मध्ये बंदी आली ती 'कीचकवधा'वर. हत्यार होतं 1876 च्या नाट्यप्रयोग कायद्याचं. बंदी उठायला 1926 साल उजाडावं लागलं. चालवून घेतलेलं पात्र एका रात्रीत गुन्हेगार ठरवलं की असं होतं: कीचक कर्झन आहे हे ज्यांच्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांनाही ते सरकारनंच सांगून टाकलं.

दुसरा उपाय संस्थेनं स्वतःच माघार घेण्याचा. तेंडुलकरांचंच 'घाशीराम कोतवाल' 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशननं सादर केलं. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून वादळ उठलं आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनंच ते थांबवलं. परिणाम असा की जब्बार पटेल, मोहन आगाशे आणि त्यांचे सोबती बाहेर पडले, 1973 मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि 1974 च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं केलं. ऑनलाइन गटांत हे सर्रास घडतं. मंजूर केलेलं पात्र काढून टाकलं की तो खेळाडू एकटा जात नाही, चांगले खेळणारे चार जण घेऊन जातो आणि नवा सर्व्हर उघडतो.

याच 'घाशीराम'च्या वाटेवर पुढे एक शहाणा तोडगा निघाला. 1980 मध्ये नाटक युरोपच्या दौऱ्यावर निघताना पुन्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि ठरलं ते असं: प्रयोगापूर्वी निवेदन वाचायचं की रंगमंचावरचे नाना हे इतिहासातले नाना नव्हेत, आणि खरे नाना थोर मुत्सद्दी होते. पात्रातली एक रेघही पुसली गेली नाही. कलावंतांना हे निवेदन खुपलं असेल, पण नुकसान सर्वांत कमी झालं ते याच उपायात. मंजुरी देताना काही सांगायचं राहून गेलं असेल, तर ते नंतर जोडता येतं.

1998 मध्ये मात्र जुनाच रस्ता धरला गेला. प्रदीप दळवी यांच्या 'मी नथुराम गोडसे बोलतोय'ला मंडळाचं प्रमाणपत्र होतं. तरी काही प्रयोगांतच राज्य सरकारनं ते थांबवलं. 2001 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी उठवली. नाटक कुणाला कसं वाटतं हा प्रश्न बाजूला ठेवा; ज्या हातानं मंजुरी दिली त्याच्या वरच्या हातानं ती काढून घेतली, एवढंच इथे पाहायचं. 'बाइंडर'च्या खटल्यातही न्यायमूर्ती कानिया यांनी सारंगांच्या बाजूनं कौल दिला होता. चित्रपटांच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्ये रंगराजन खटल्यात स्वच्छ सांगितलं: 'ओरे ओरु ग्रामत्तिले' या तमिळ चित्रपटाला दिलेलं प्रमाणपत्र, लोक गोंधळ घालतील या भीतीपायी काढून घेता येणार नाही. मला या निकालाचा अर्थ असा लागतो की दिलेल्या परवानगीवर विसंबून माणसानं जे उभं केलं, त्याला किंमत आहे.

संगणकावरच्या जगानं स्वतःचा एक धडाही घेतलेला आहे. 'लॅम्डामू' नावाच्या अमेरिकेतल्या संगणकीय वस्तीत 1993 मध्ये 'मिस्टर बंगल' या पात्रानं इतर पात्रांवर शब्दांनी लैंगिक अत्याचार केले. ज्युलियन डिबेल यांनी त्यावर लिहिलेला लेख खूप गाजला. तिथल्या व्यवस्थापकांनी काही महिन्यांपूर्वीच आपण सामाजिक वादात पडणार नाही असं जाहीर केलं होतं. रहिवाशांची चर्चा एकमताशिवाय विरली, आणि शेवटी एका व्यवस्थापकानं स्वतःच्या अखत्यारीत ते पात्र मिटवलं. त्यानंतर संस्थापक पॅव्हेल कर्टिस यांनी रहिवाशांच्या मागणीअर्जांची आणि मतदानाची पद्धत आणली.

तेव्हा माझं मत असं. बंगलसारखं प्रकरण असेल, खऱ्या माणसाला इजा होत असेल, कुणाचा फोटो त्याला न विचारता पात्राला चिकटवला असेल, किंवा मूल त्यात ओढलं जात असेल, तर पात्र त्याच क्षणी थांबवावं, विचारविनिमय मागाहून. बाकी सगळ्या चुकांत मॉडरेटरनं आधी खेळाडूला एकट्याला गाठावं आणि 'तुझ्या पात्रात घोळ आहे' असं न म्हणता 'मंजूर करताना माझ्याकडून हे सुटलं' असं म्हणावं. यात चांगुलपणापेक्षा हिशोब जास्त आहे. चूक कुणाची हे पहिल्याच वाक्यात मिटलं की खेळाडू बचावाला उभा राहत नाही, तोडगा शोधायला बसतो. आणि तोडगा बहुतेक वेळा त्यालाच चांगला सुचतो, कारण पात्र त्याचं आहे. सावलीतून चालणाऱ्याला कथेतच एक जखम होऊ द्या, म्हणजे दर वेळी चालल्यावर तो दिवसभर निपचित पडेल. झालेल्या घटना झालेल्याच राहाव्यात, बदल पुढे लागू व्हावा, आणि त्याला पुरेशी मुदत मिळावी. सर्वांत अवघड भाग पुढचा: त्याच नियमातून सुटलेली आणखी कोणती पात्रं आहेत, हे पाहावं लागतं, आणि त्यात स्वतःचं किंवा मित्राचं पात्रही निघू शकतं. ते न तपासता एकालाच बोलावलं, तर दुरुस्तीची शिक्षा होते.

बाइंडरच्या बत्तीस कात्र्यांची अडचण हीच होती. कापायला सांगणारं मंडळ आणि आधी हो म्हणणारं मंडळ एकच होतं. त्यानं आपल्या आधीच्या 'हो'चा हिशोब दिला नाही, किंमत मात्र सारंगांनी मोजली. त्यांचं 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक कुठल्याही गटाच्या मॉडरेटरनं वाचावं असं आहे.

'कीचकवध' गिळणारा 1876 चा कायदा जानेवारी 2018 मध्ये रद्द झाला. नाटकांच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध अमोल पालेकर यांनी 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. परिनिरीक्षण मंडळ त्यानंतरही राहिलं.