जिमचे शूज विकताय? नंबर नंतर विचारा

चपला-बुटांचं दुकान टाकायचं म्हणताय, आणि गावात दोन-तीन जिम निघाल्यात म्हणून जिमचे शूजही ठेवायचे म्हणताय. चांगलं आहे. पण आधी माझी एक चूक ऐका.

दुकानाचं दुसरं वर्ष. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा आला. "दादा, जिमसाठी शूज दाखवा." मी नंबर विचारला, आठ. दुकानातला सगळ्यात मऊ, जाड फोमचा रनिंग शूज काढला आणि ४,२०० ला दिला. वर ऐटीत सांगितलं, कापसावर चालल्यासारखं वाटेल. तीन आठवड्यांनी तो परत आला. भांडायला नाही. म्हणाला, "८० किलो घेऊन स्क्वॅटला बसलो की टाच डगमगते. सरांनी शूज काढून मारायला लावलं." आणि मी काय म्हणालो? "होईल सवय." तो परत आला नाही. त्याच्या जिममधली पोरंही यायची बंद झाली.

मग एकदा पहाटे सहाला मीच जिममध्ये जाऊन बसलो. बीबीएला मार्केटिंगचा पेपर लिहिला होता, पण माल वापरतात कसा हे तिथे कळलं.

बघा, धावताना पाय जमिनीवर आपटतो, तो दणका खाण्यासाठी रनिंग शूजमध्ये मऊ फोम असतो. वजन उचलताना मात्र हाच फोम घात करतो. खांद्यावर बार आला की तो दबतो, तोही एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. घोटा हलतो, त्यापाठोपाठ गुडघा. म्हणून लिफ्टिंगच्या शूजचा तळ कडक असतो आणि टाच साधारण पाऊण इंच उंच. जुन्या काळी ती टाच लाकडाची किंवा थर लावलेल्या चामड्याची असायची, आता बहुतेक कडक प्लॅस्टिकची असते. उंच टाचेमुळे घोटा कमी वाकवूनही खोल बसता येतं आणि पाठ सरळ राहते. वरून पट्टा, म्हणजे पाय आत सरकत नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. स्नॅच आणि क्लीन अँड जर्क करणाऱ्यांच्या पायात असतात ते हेच शूज.

पण गंमत अशी की डेडलिफ्टला हे शूज उलटे पडतात. तिथे बार जमिनीवरून उचलायचा असतो. तळ जेवढा जाड, तेवढा माणूस वर, आणि बार तेवढा जास्त उचलावा लागतो. त्याला सपाट, पातळ तळाचे कॅनव्हास शूज पुरतात. आपण शाळेत पीटीला घालायचो तसले. सगळंच थोडं थोडं करणाऱ्याला ट्रेनिंग शूज द्या: कमी उंचीची टाच, घट्ट तळ, आडव्या हालचालीत पाय धरून ठेवणारा.

म्हणून आता आमच्याकडे पहिला प्रश्न "जिममध्ये काय काय करता?" नंबर नंतर. मोजमाप दोन्ही पायांचं, उभं करून, कारण अंगाचा भार आला की पाऊल पसरतं. शूज घातल्यावर दुकानातच पाच-सहा उठाबशा काढायला लावतो. लोक हसतात, हसू देत. टाच उचलली जात असेल तर नंबर मोठा आहे, बोटं पसरत नसतील तर पंजा अरुंद आहे. आणि अंगठ्याने टाचेचा तळ दाबून दाखवा. खोल दबला तर तो शूज स्क्वॅटसाठी नाही. हे गिऱ्हाईकाला स्वतःच्या हाताने करू द्या, तुमच्या दहा वाक्यांचं काम होतं.

मालाचं सांगतो. उंच टाचेचे शूज महाग आणि गिऱ्हाईक मोजकं. सगळे नंबर भरलेत तर पैसा रॅकवर अडकून बसेल. मी सात, आठ, नऊचा एकेक जोड घालून बघायला ठेवतो, बाकी ॲडव्हान्स घेऊन मागवतो. कॅनव्हास मात्र भरपूर ठेवा. नफा कमी, पण त्यासाठी आलेली पोरं पुढे रनिंगचे शूजही आपल्याकडेच बघतात.

आणि त्या पोराला काय द्यायला हवं होतं? भरतीला १,६०० मीटर धावायचं असतं, म्हणजे मैदानासाठी रनिंग शूज हवेच होते. फक्त तेवढे महाग, तेवढे मऊ नकोत. आणि बॅगेत टाकायला वजनासाठी ४०० चा कॅनव्हास. दोन जोड विकले गेले असते, तेही कमी पैशांत. मला विचारायचंच सुचलं नाही.