सासऱ्यांची अ‍ॅम्बेसेडर, नवऱ्याची कानस

इंदूरला रविवार म्हणजे पोहे. त्या रविवारी पोहे भिजवायला परात शोधू लागले, तर ती ओसरीवर सापडली. परातीत पेट्रोल, पेट्रोलमध्ये अ‍ॅम्बेसेडरचा कार्बुरेटर आणि शेजारी मांडी घालून बसलेले आमचे हे. हातात कानस.

मामंजी वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. गाडी त्यांची. १९७३ सालची. दोन्ही नणंदांची पाठवणी तिच्यातूनच झाली, मीही या घरात तिच्यातूनच आले.

"पन्नास वर्षं चालली ना ती? मग आता तिचं नाक कशाला कापतोस?" एवढेच ते म्हणाले.

सासूबाईंनी मात्र पेट्रोलचा वास येताच देवघरातली समई विझवली आणि मला गॅस बंद करायला सांगितले. त्यांचे बरोबर होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या ज्योतीलाही गाठते. हे काम करायचेच तर मोकळ्या अंगणात, बॅटरीची तार काढून आणि वाळूची बादली जवळ ठेवून. अशा कामाला घरातली परात वापरू नये, हे माझे स्वतःचे म्हणणे.

यांच्या हट्टाला कारण होते. गेल्या दिवाळीत धुळ्याहून परतताना भेरू घाटात गाडीला धाप लागली. माणसे पाच, वर सामान. दुसऱ्या गिअरमध्येही इंजिन रडत होते आणि मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. पुढच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला त्याच रस्त्याने जायचे होते. कोणीतरी यांना सांगितले, कार्बुरेटर आतून घासून गुळगुळीत केला की हवा जास्त जाते आणि ताकद वाढते.

हे खरे आहे, पण अर्धेच.

आमच्या गाडीला एसयू जातीचा कार्बुरेटर आहे. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. इंग्लंडमधल्या 'लिली अँड स्किनर' या बूट विकणाऱ्या घराण्यातल्या जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी १९०५ च्या सुमारास तो शोधला. चामड्याच्या धंद्यातली माणसे, त्यामुळे त्यांच्या पहिल्या कार्बुरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! पुढे भात्याच्या जागी धातूचा पिस्टन आला. इंजिनाने हवा ओढली की हा पिस्टन वर उचलला जातो, जशी वाफेने कुकरची शिट्टी उचलली जाते तसा. पिस्टनला खाली निमुळती सुई असते. पिस्टन वर गेला की सुईही वर जाते आणि जेटमधून पेट्रोल जास्त येते. हवा जास्त तर पेट्रोल जास्त, असा हा हिशोब.

आता अडथळे कुठे असतात? हवेच्या वाटेत आडवा दांडा असतो, त्यावर थ्रॉटलची चकती दोन स्क्रूंनी बसवलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी हा दांडा नळीचा चौथा हिस्सा तरी अडवतोच. स्क्रूंची टोके वाटेत डोकावतात. ओतीव कामाचे कंगोरे राहिलेले असतात. कित्येकदा गॅस्केटचे भोक लहान असते आणि त्याची कड आत येते. हवा आत शिरते तिथली कड धारदार असेल तर हवेत भोवरे होतात. ती कड तुतारीच्या तोंडासारखी गोल केली की हवा सरळ येते. गॅस्केटची कड कापणे आणि तोंड गोल करणे ही कामे सोपी, बिनधोक आणि गुण देणारी. कंगोरेही बारीक पॉलिश कागदाने काढता येतात.

दांडा बारीक करणे मात्र घरचे काम नव्हे. जास्त उतरवला तर तो वाकतो आणि चकती अडकते. घाटाच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर काय होईल, याचा विचार करून पाहा. स्क्रूंचेही तसेच. त्यांची टोके चिरलेली असतात आणि बसवल्यावर ती फाकवतात, म्हणजे स्क्रू सुटत नाही. टोक कापले की ती सोय गेली. सुटलेला स्क्रू थेट इंजिनात जातो आणि मग व्हॉल्व्ह, पिस्टन सगळ्याचाच खर्च. पिस्टन आणि त्यावरची घुमटी ही जोडी तर कागदानेही घासायची नाही. त्यांच्यातली फट इतकी बारीक असते की एक ओरखडा पडला तरी हिशोब बिघडतो.

कानस लागण्याआधीच मामंजींनी कपाटातून एक कात्रण आणले. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, पण तिच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मामंजींच्या मनात ते होते आणि कोणालाच ठाऊक नव्हते. अशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापरात राहत नाही, म्हणजे भाचीचे लग्न ही कदाचित तिची शेवटची लांबची फेरी.

हे गप्प बसले. मग दोघांनी मिळून तोडगा काढला. भंगार बाजारातून तसाच दुसरा कार्बुरेटर आणायचा, घासायचा तो घासायचा, आणि मूळचा जसाच्या तसा जपून ठेवायचा.

पुढचे तीन रविवार बापलेक अंगणात होते. यांनी हौसेने स्क्रूंची टोके कापलीच. एका जुन्या मिस्त्रींनी गाडीवर चढवण्याआधी पाहिले, तर एक स्क्रू बोटाने फिरत होता. त्यांनी नवे स्क्रू घालून टोके फाकवून दिली आणि यांना चार शब्द सुनावले.

गाडी सुरू झाली, पण चढावर इंजिन टकटक करू लागले. प्लग काढला तर पांढराफटक. म्हणजे मिश्रण पातळ, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यामुळे मिश्रण आणखी पातळ होते आणि जुने रबरी भागही खराब होतात. अशीच गाडी दामटली तर व्हॉल्व्ह जळतात. एसयूमध्ये जेटखालचा नट फिरवून जेट थोडा खाली घेतला की पेट्रोल वाढते. मग पिस्टन किंचित उचलून पाहायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बंद पडू लागले तर कमी, क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर ठीक. मामंजी हे कानाने ओळखतात. शेवटी पीयूसी करून घेतले.

लग्नाहून परतताना भेरू घाट आला. गिअर दुसराच लागला. पण गाडी रडली नाही, ट्रकांच्या पुढे राहिली. यांच्या मते ही कानशीची करामत. मिस्त्रींच्या मते निम्मा गुण कचऱ्याने तुंबलेला एअर फिल्टर बदलल्याचा आणि झिजलेल्या दांड्याभोवतून शिरणारी फालतू हवा बंद झाल्याचा. मला मिस्त्रींचे पटते.

मूळचा कार्बुरेटर मामंजींनी जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला आहे, नोंदणीच्या कागदांशेजारी.