परसातील कांद्याची पात

कांद्याचा भाव चढला की शहरात त्याची चर्चा होते. पण कांद्याचे रोप जवळून पाहिलेले शहरवासी थोडेच. म्हणून येथे आम्ही भावाची गोष्ट बाजूस ठेवून रोपाचीच ओळख करून देणार आहोत.

जमिनीत वाढतो म्हणून कांदा हे मूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो पानांचा फुगलेला तळभाग होय. कांदा उभा चिरून पाहावा. मुळ्यांच्या वर एक चपटी चकती दिसते; तेच या झाडाचे खोड. नवे पान तिच्या मध्यावर जन्मते व जुन्या पानांच्या आतून वर येते. वरची पात कापली तरी रोप जगते, ते यामुळेच. दिवस लांबले व ऊन तापू लागले, की पानांनी केलेले अन्न तळाशी साठून कांदा पोसतो. त्याआधी उपटलेले कोवळे रोप म्हणजे पातीचा कांदा. तेव्हा ज्याला पातच हवी, त्याने कांदा पोसण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

सर्वांत सोपा मार्ग टोपलीतच असतो. कोंब फुटलेला कांदा आपण टाकून देतो. तो कोंब वर ठेवून मातीत लावावा. दोन-तीन आठवड्यांत पात मिळते. अंगण नसेल तर तळाला भोके पाडलेला वीतभर खोलीचा डबा पुरे. मुळ्या उथळ असल्याने पाणी थोडे पण वरचेवर द्यावे; साचू मात्र देऊ नये, कांदा कुजतो. पाच-सहा तास ऊन हवेच.

बियांपासून पात हवी असल्यास बी ताजे घ्यावे. साध्या साठवणीत कांद्याचे बी वर्षभरात निकामी होऊ लागते. न उगवलेल्या वाफ्याचा दोष पुष्कळदा मातीचा नसून जुन्या बियांचा असतो. बी अर्धा इंच खोल पेरावे. आठ-दहा दिवसांत ते उगवते आणि दोन-अडीच महिन्यांत रोपे काढण्याजोगी होतात.

काढणीत संयम हवा. दाट वाफ्यातून एकाआड एक रोप उपटावे, म्हणजे उरलेल्यांना जागा होते. नुसती पात हवी असल्यास बाहेरची पाने खुडून मधली दोन-तीन राखावीत. पान हे रोपाचे स्वयंपाकघर आहे. ते सगळेच उचलून नेले तर रोपाने जगावे कशावर? कोंबाच्या कांद्याची शिदोरी तर मोजकीच. दोन-तीन खुडण्यांनंतर तो पोकळ व मऊ पडला, की त्याचे काम झाले असे समजावे.

थंडीत लावलेल्या जुन्या कांद्याला कधी फुलाचा दांडा येतो. शेतकरी त्याला डेंगळा म्हणतात. तो आला की पात निबर होते, म्हणून कोवळा असतानाच खुडावा. एखादा मात्र राखावा. त्याच्या पांढऱ्या गोंड्यातील काळे बी पुढच्या हंगामास उपयोगी पडते. मग पीठ पेरून केलेल्या पातीच्या भाजीसाठी बाजाराकडे पाहावे लागत नाही.